जुनेराची वाकळ : दान, बलुते आणि भेट

आमच्या घरात तीन वाकळा आहेत. एक आजीने शिवली, एक आईने, आणि तिसरी दोघींनी मिळून धरली होती. आजी गेल्यावर आईने ती एकटीने पुरी केली. यांपैकी एकीसाठीही कापड विकत आणलेले नव्हते आणि एकही विकण्यासाठी शिवलेली नव्हती. पहिली वाकळ माझ्या आत्याला लग्नात द्यायची म्हणून शिवली गेली. आत्याला नवऱ्याने नांदवले नाही. ती परत आली तेव्हा तिच्या डोईवर हीच वाकळ होती. दुसरी, मी तालुक्याच्या गावी वसतिगृहात राहायला निघाले तेव्हा आईने सुतळीने बांधून दिली. तिसरी भावाच्या मुलीची.

मी महाविद्यालयात इतिहास शिकवते. आमच्या घराण्यात पदवी घेणारी मी पहिलीच. गावगाड्यातील दलित स्त्रीचा शोध घ्यायचा म्हणून मी काही वर्षे वतनाचे कागद, गॅझेटिअर, बलुतेदारीवरचे ग्रंथ धुंडाळले. तिथे महाराची नोंद सापडते. त्याने काय कामे करावीत, त्याला काय मिळावे, कोणत्या गुन्ह्याला कोणता दंड, हे सारे सापडते. महाराच्या बायकोची नोंद मात्र एखाद्या तंट्यापुरती किंवा एखाद्या अपराधापुरती. दिवसा मी असे कागद चाळत होते आणि रात्री आईची वाकळ पांघरून झोपत होते. ती वाकळ हेही एक साधन आहे, हे माझ्या ध्यानात यायला फार उशीर लागला.

उशीर का लागला, तेही सांगते. वसतिगृहाच्या खोलीत आम्ही चौघी होतो. तिघींकडे सोलापुरी चादरी होत्या. माझ्या वाकळेला आमच्या घराचा वास होता. चुलीचा, शेळीचा, घासलेटाचा. पहाटे त्या तिघी उठायच्या आत मी वाकळ गुंडाळून पत्र्याच्या पेटीत दडवीत असे. शिष्यवृत्तीचा पहिला हप्ता हाती आला तेव्हा पुस्तकांच्या आधी मी सोलापुरी चादर विकत घेतली. सुट्टीत घरी गेले तेव्हा आईने विचारले, "थंडी वाजत न्हाई ना गं?" मी "न्हाई" म्हणाले. तिने आणखी काही विचारले नाही.

वाकळ, गोधडी, चौघडी अशी नावे मुलखामुलखात बदलतात, पण रीत साधारण सारखीच. जुनेराचे लुगडे खाली अंथरायचे. नऊवारी लुगडे पुष्कळ धुण्यांनी मऊ पडलेले असते. त्याचा वरचा-खालचा भाग होतो. मधे थर. धोतराचे पान, सदऱ्याची पाठ, फाटक्या परकराचा घेर, आणि जिथे कमी पडेल तिथे चिंध्या. चार कोपऱ्यांवर चार दगड. आधी लांब कच्चे टाके घालून थर जागच्या जागी धरायचे, मग काठाकडून धावदोरा सुरू करायचा. एक बोट अंतर सोडून दुसरी ओळ, मग तिसरी, अशी चौकोनात चौकोन घालीत सुई मध्यापर्यंत जाते. आजी दोऱ्यासाठीही पैसा मोडीत नसे. लुगड्याच्या काठातले दोरे उसवून, दोन-तीन एकत्र वळून ती वापरी. शेवटी कडेला चारी बाजूंनी गोट. गोटाला मात्र ती नवे दिसेल असे कापड राखून ठेवी, कारण पांघरणाऱ्याच्या हनुवटीला तोच लागतो.

हे काम बहुधा उन्हाळ्यात, शेतातली कामे सरल्यावर, दुपारच्या सावलीला होई. एका वाकळेवर शेजारच्या दोघी-तिघी येऊन बसत. त्याची मजुरी नव्हती. आज तू माझ्या वाकळेवर बसलीस, उद्या मी तुझ्या. कुणाची सून बाळंत व्हायची असली की साऱ्या वस्तीची जुनेरे त्या घरी जात. सवर्ण घरांत बाळंतविड्यात झबली, टोपडी, दुपटी नव्या कापडाची शिवून येत. आमच्याकडे दुपटे जुनेराचेच. आजी म्हणे, नवं कापड टोचतं, लेकराला जुनंच पायजे. दारिद्र्याला तिने असे एक शहाणपणाचे कारण जोडून दिले होते. ते कारण खरेही होते.

पण जुनेर येई कुठून? आमच्या बायकांच्या अंगावर मुळात एक किंवा दोन लुगडी. ती फाटून चालत नसत, अंगावरच ठिगळांवर ठिगळे चढत. मग थरांसाठी इतके कापड कसे जमे? हा प्रश्न मी आजीला विचारला तेव्हा ती वाकळेचा एक कोपरा उलटा करून बघत बसली. म्हणाली, "ह्यो पाटलाच्या वाड्यावरचा. ह्यो वाण्याच्या घरचा. आन् ह्यो..." मग थांबली. "ह्यो मढ्यावरचा हाय, पोरी. तुझा आजा येसकरपाळी करायचा तवाचा."

मढ्यावरचे कापड हा गावगाड्यात महारांचा हक्क मानला जाई. बेदरच्या बादशहाने अमृतनाकास बावन्न हक्क दिल्याची दंतकथा आमच्या म्हाताऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या सांगितली. ज्या गोष्टी त्या हक्कांत मोडतात, त्यांत मेलेले ढोर आहे आणि मेलेल्या माणसावरचे कापडही आहे. याला हक्क म्हणावे की हक्काच्या नावाने दिलेली शिक्षा, हे ठरवायला मनुस्मृतीचा दहावा अध्याय पुरेसा आहे. चांडाळांनी प्रेताची वस्त्रे वापरावीत, फुटक्या भांड्यांत जेवावे, लोखंडाचे दागिने घालावेत, अशी तेथे आज्ञा आहे. त्याच अध्यायात पुढे शूद्र सेवकाला काय द्यावे याची यादी येते : उष्टे अन्न, जीर्ण वस्त्रे, धान्याचा पोचा भाग आणि जुने घरसामान. म्हणजे वाड्यावरून येणारे फाटके लुगडे हा पाटलिणीच्या मनाचा मोठेपणा नव्हता. कापड कुणाच्या अंगावरून कुणाच्या अंगावर उतरावे याचा तो कायदा होता. नवे कापड वरच्यांचे, जीर्ण आमचे, आणि मेलेल्याचे त्याहून खालच्यांचे. कापडाच्या वयावरून माणसाची पायरी ओळखावी, अशी ही व्यवस्था.

फ्रेंच अभ्यासक मार्सेल मोस याने १९२५ मध्ये भेटवस्तूंवर एक निबंध प्रसिद्ध केला. भेट द्यावी लागते, घ्यावी लागते आणि परत करावी लागते, या तीन बंधनांनी माणसे एकमेकांशी बांधली जातात असा त्याचा सिद्धान्त. वाड्यावरच्या जुनेराला हा सिद्धान्त लावून पाहावा. ते घ्यावे लागे, पण त्याची परतफेड भेटीने करण्याची सोय नव्हती. आजीने शिवलेली वाकळ वाड्यावर गेली असती तर ती शिवली कुणी म्हणून विटाळ झाला असता. परतफेड होई ती वेठीने. लाकडे फोडून, सांगावे पोचवून, ढोर ओढून. खरे म्हणजे ती परतफेडही नव्हे. काम आधीच झालेले असे, आणि त्याची मजुरी दान म्हणून वरून टाकली जाई. हाताला हात लागू नये म्हणून टाकलीच जाई.

आता या कापडाचा पुढचा प्रवास पाहा. वाड्याच्या दारात ते दान असते, चावडीवर बलुते, मसणात हक्क. महारवाड्यात आल्यावर बाया ते धुतात, उकळतात, फाडतात, जुळवतात, आणि त्यावर हजारो टाके घालतात. तिथून निघते तेव्हा ती वाकळ असते, आणि ती देताना कुणी वरून टाकत नाही. लेकीला, बाळंतिणीला, पाहुण्याला ती दोन्ही हातांनी दिली जाते, आणि घेणारी बाई पुढल्या उन्हाळ्यात दुसरीच्या वाकळेवर जाऊन बसते. मोसने सांगितलेली देवघेव इथे पुरी होते. गावाने ज्यांना घेणारे म्हणूनच ठेवले, त्या बायांनी आपसांत देणारे होण्याची एक जागा करून घेतली. ती फार लहान जागा होती आणि तिने गावगाडा हलला नाही, हेही तितकेच खरे.

म्हणून गावकुसाबाहेरच्या या कलेचे गोडवे गाताना मला धास्ती वाटते. वाकळ सुंदर आहे म्हणून तिच्यातले कापड जिथून आले ती व्यवस्था सुसह्य ठरत नाही. बाबासाहेबांनी या कापडाविषयी काय भूमिका घेतली ते आपण जाणतो. मार्च १९२७ च्या महाड परिषदेत मृतमांस आणि शिळे-उष्टे सोडण्याचा आग्रह झाला. २५ डिसेंबरला मनुस्मृती जाळली गेली. दोन दिवसांनी, २७ डिसेंबरला, बाबासाहेब महाडला जमलेल्या स्त्रियांशी बोलले, आणि त्या भाषणात लुगडे नेसण्याच्या पद्धतीविषयी, अंगावरच्या दागिन्यांविषयी, कपड्यांच्या स्वच्छतेविषयी ते तपशिलाने बोलले. ज्या खुणांवरून आपली जात ओळखू येते त्या खुणा टाकून द्या, असा त्याचा रोख होता. मनुस्मृती जाळून दोन दिवस होतात न होतात तोच हा माणूस लुगड्याच्या निऱ्यांविषयी बोलतो, याचे काही विद्वानांना कौतुकमिश्रित आश्चर्य वाटते. त्यात आश्चर्य कसले? वस्त्राचा कायदा ज्या ग्रंथात होता तो ग्रंथ जाळल्यावर वस्त्राविषयी बोलणे क्रमप्राप्तच होते. पुढच्याच वर्षी, १९२८ मध्ये, त्यांनी मुंबईच्या कायदेमंडळात महार वतनासंबंधीचे बिल आणले. कनिष्ठ गावकामगारांची वतने नष्ट करणारा कायदा यायला मात्र १९५८ साल उजाडावे लागले. माझ्या आज्याची येसकरपाळी तेव्हा संपली.

वतन गेले आणि वाड्यावरचे जुनेरही गेले. मग वाकळेत काय आले? आजीचा भाऊ मुंबईला गिरणीत होता. तो सणाला गावी येताना गिरणीतले खराब निघालेले तुकडे गाठोड्यात बांधून आणी. आजीच्या वाकळेत एका जागी पांढऱ्या मांजरपाटाचे सलग चार चौकोन आहेत, ते त्या गाठोड्यातले. या चार चौकोनांवरही एक इतिहास आहे. मुंबईच्या गिरण्यांत अस्पृश्य कामगारांना विणकाम खात्यात घेत नसत. धोट्यात नवी कांडी घालताना दोरा तोंडाने ओढून घ्यावा लागे, आणि अस्पृश्याच्या तोंडाने विटाळलेला धोटा सवर्ण कामगाराला चालत नसे. पगार जास्त त्याच खात्यात. १९२८ च्या मोठ्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न संपाच्या पुढाऱ्यांपुढे आणला, तेव्हा कुठे तो मागण्यांत आला. म्हणजे जे कापड विणायला आमच्या माणसाला मज्जाव होता, त्याच कापडाचा टाकाऊ तुकडा आजीच्या वाकळेत आला. वर्गलढ्यात जात विरघळते असे मानणाऱ्या मित्रांनी हे चार चौकोन एकदा हात लावून पाहावेत.

मढ्यावरच्या कापडाला मात्र दुसराही एक इतिहास आहे, आणि तो मनूपेक्षा जुना आहे. बुद्धाच्या भिक्खूंसाठी पंसुकूल चीवर सांगितले गेले. पंसुकूल म्हणजे उकिरड्यावर, रस्त्यावर, स्मशानात टाकलेले कापड. ते गोळा करावे, धुवावे, तुकडे जोडून चीवर शिवावे. विनयात अशी हकीकत आहे की मगधातली बांध घातलेली भातखाचरे पाहून बुद्धाने आनंदाला चीवराची तशी जुळणी करायला सांगितले. वाकळेच्या ओळी आणि खाचरांचे बांध यांचे साम्य मी उगाच ताणणार नाही. एवढेच सांगते की राजकुळातून आलेला भिक्खू आणि न्हाव्याच्या कुळातला उपाली एकच टाकाऊ कापड अंगावर घेत होते, आणि ते त्यांनी आपखुशीने घेतले होते. मनूने तेच कापड काही माणसांच्या कपाळी कायमचे लिहिले. १९५६ साली आमच्या घरातले देव नदीत गेले, पण आजीने वाकळ टाकली नाही. तिला पंसुकूल हा शब्द ठाऊक नव्हता.

याच विचारात असताना मी अमेरिकेतल्या काळ्या स्त्रियांच्या गोधड्यांविषयी वाचू लागले. आपल्या चळवळीला त्या देशाचे नवल नाही. जोतीरावांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' अर्पण केली ती तिथल्या गुलामांची सुटका करणाऱ्यांना, आणि १९७२ मध्ये दलित पँथरने आपले नाव तिथल्याच एका संघटनेवरून घेतले. पण आपण त्यांच्या कविता वाचल्या, आत्मकथने वाचली, भाषणे वाचली. त्यांच्या गोधड्या आपण वाचल्या नाहीत.

जोतीराव ती अर्पणपत्रिका लिहीत होते तेव्हा जॉर्जिया राज्यात हॅरिएट पॉवर्स नावाची पस्तिशीची बाई शेतावर राबत होती. १८३७ मध्ये ती गुलामगिरीतच जन्मली. १८८६ मध्ये अथेन्स गावच्या कापूस मेळ्यात तिने एक गोधडी मांडली. बायबलातल्या कथांची अकरा चित्रे, कापडाचे तुकडे कापून चिकटवावीत तशी शिवलेली. जेनी स्मिथ नावाच्या एका गोऱ्या चित्रकला शिक्षिकेने ती विकत मागितली. हॅरिएटने नकार दिला. चार-पाच वर्षांनी घरात ओढगस्त आली तेव्हा ती स्वतःच गोधडी घेऊन गेली. किंमत सांगितली दहा डॉलर, मिळाले पाच. त्यानंतर ती आपली गोधडी पाहायला त्या बाईच्या घरी पुनःपुन्हा जात असे. आज ती गोधडी वॉशिंग्टनच्या स्मिथ्सोनियन संस्थेत आहे.

तिची दुसरी गोधडी बोस्टनच्या संग्रहालयात आहे. तीत पंधरा चित्रे. बायबलाबरोबर १७८० सालचा, भर दिवसा अंधार पडल्याचा दिवस आहे, १८३३ च्या नोव्हेंबरातला उल्कांचा पाऊस आहे, आणि जॉर्जियाहून व्हर्जिनियापर्यंत पाचशे मैल पळत गेलेली बेट्स नावाची एक डुकरीणही आहे. यांतल्या पहिल्या दोन घटना हॅरिएटच्या जन्माआधीच्या. त्या तिला कुणी तरी सांगितल्या असणार आणि सांगणारी माणसे गुलामच असणार. ज्यांना अक्षर शिकवणे हा जॉर्जियात गुन्हा होता, त्यांनी साठ आणि शंभर वर्षांपूर्वीचा काळ तोंडी जपला आणि या बाईने तो कापडावर नोंदवला. ही दुसरी गोधडी एका गोऱ्या धर्मोपदेशकाला भेट म्हणून दिली गेली. हॅरिएट निरक्षर होती असे पुष्कळ काळ सर्वांनी गृहीत धरले. पुढे तिच्या एका पत्राची नक्कल उजेडात आली, आणि तीत आपण कोणत्या गोधड्या शिवल्या हे तिने स्वतः सांगितलेले निघाले. काळी बाई, गोधडी शिवते, म्हणजे निरक्षरच. हा तर्क आपल्या ओळखीचा आहे.

अॅलाबामा राज्यात अॅलाबामा नदीच्या वळणात गीज बेंड नावाची वस्ती आहे. १८४५ मध्ये तिथला मळा पेटवे नावाच्या मालकाकडे गेला, आणि गुलामांनाही त्याचेच आडनाव लागले. आजही त्या वस्तीत पुष्कळ जण पेटवेच आहेत. १९३२ मध्ये एका सावकार व्यापाऱ्याच्या वारसांनी कर्जापोटी या लोकांची जनावरे, अवजारे, साठवलेले धान्य, सगळे उचलून नेले. गोधड्यांचे कापड म्हणजे शेतात झिजलेल्या विजारी आणि सदरे. मिसुरी पेटवे या बाईने १९४२ मध्ये शिवलेली एक गोधडी प्रसिद्ध आहे. तिचा नवरा वारला. त्याचे कामाचे कपडे तिने उसवले आणि त्यांची गोधडी केली. त्याची आठवण राहावी आणि त्याच्या मायेखाली झोपता यावे म्हणून, असे तिच्या मुलीने पुढे सांगितले. विजारीच्या गुडघ्यांवर जिथे रंग विटला नव्हता तिथे ठिगळांच्या खुणा तशाच दिसतात.

ही गोधडी मी छायाचित्रात पाहिली तेव्हा आजीच्या वाकळेचा तो उलटा केलेला कोपरा आठवला. दोन्हीकडे मेलेल्या माणसाचे कापड. पण मिसुरी पेटवेने आपल्या माणसाचे कपडे पांघरले. माझ्या आजीला दुसऱ्याच्या, तिच्या सावलीचाही विटाळ मानणाऱ्या माणसाच्या मढ्यावरचे कापड पांघरावे लागले, आणि स्वतःच्या मेलेल्या मुलाचे सदरे तिने धाकट्याला घातले, कारण वाकळेत घालण्याइतके ते जुने झाले नव्हते.

गीज बेंडचे पुढचे पर्व आपल्याला अधिक उपयोगी आहे. १९६५ च्या फेब्रुवारीत मार्टिन ल्यूथर किंग तिथे आले. मतदार यादीत नाव घालायला गेलेल्या काळ्या कुळांना जमिनीवरून हाकलण्यात आले. नदीवरची नाव तर १९६२ पासूनच बंद केलेली. ती सुरू व्हायला २००६ साल लागले. १९६६ मध्ये या आणि आसपासच्या वस्त्यांतल्या बायांनी 'फ्रीडम क्विल्टिंग बी' ही सहकारी संस्था काढली आणि गोधड्या न्यूयॉर्कला लिलावात विकल्या. आजवर घरात द्यायची वस्तू बाजारात गेली, पण तिचा हिशेब बायांच्या हातात राहिला. १९७२ मध्ये सिअर्स या मोठ्या दुकानाकडून त्यांना कॉर्डुरॉयचे उशांचे अभ्रे शिवण्याचे काम मिळाले. अभ्रे ठरल्या मापाचे, ठरल्या रंगाचे; त्यात डोके चालवायला जागा नव्हती. उरलेले तुकडे मात्र बाया घरी नेत आणि आपल्या मनाची गोधडी करीत. २००२ मध्ये ह्यूस्टन आणि न्यूयॉर्कच्या संग्रहालयांत गीज बेंडच्या गोधड्या भिंतींवर लागल्या आणि कलासमीक्षकांना एकाएकी त्यांत आधुनिक चित्रकला दिसू लागली. २००६ मध्ये दहा गोधड्यांची टपाल तिकिटे निघाली. पुढच्याच वर्षी त्यांतल्या काही बाया आपल्याला योग्य मोबदला मिळाला नाही म्हणून न्यायालयात गेल्या. ते प्रकरण तडजोडीने मिटले. कौतुक आणि मोबदला हे एका गाडीने येत नाहीत, एवढे त्यातून ध्यानात ठेवावे.

आणखी एक गोष्ट, ती आपल्या काही लेखकमित्रांना आवडणार नाही. अमेरिकेत १९९९ मध्ये एक पुस्तक निघाले. पळून जाणाऱ्या गुलामांसाठी गोधड्यांच्या नक्षीत गुप्त खुणा घातलेल्या असत, अंगणात वाळत घातलेली गोधडी म्हणजे निरोप असे, असा त्याचा दावा. कथा इतकी मोहक की ती शाळांतून शिकवली जाऊ लागली. इतिहासकारांनी ती तपासली तेव्हा तिला आधार सापडला नाही. पळून सुटलेल्या गुलामांनी लिहिलेल्या आत्मकथनांत अशा खुणा नाहीत, १९३० नंतरच्या दशकात पूर्वीच्या गुलामांच्या दोन हजारांवर मुलाखती सरकारने घेतल्या त्यांतही नाहीत, आणि सांगितल्या जाणाऱ्या काही नक्ष्या तर गुलामगिरी संपल्यानंतरच्या निघाल्या. आपल्याकडेही वाकळेच्या टाक्यांत प्राचीन बौद्ध चिन्हे शोधणारा लेख मी वाचला आहे. माझी नम्र सूचना आहे की हा मोह टाळावा. ज्यांनी आपला इतिहास पुराणांनी झाकला त्यांच्याशी आपले भांडण पुराव्याचे आहे. वाकळेत चार घरांचे जुनेर आहे, गिरणीचा तुकडा आहे, मढ्यावरचे कापड आहे. हा पुरावा पुरेसा आहे आणि तो कुठल्याही गुप्त खुणेपेक्षा जड आहे.

बंगालच्या कांथेचे भाग्य निराळे. गुरुसदय दत्त यांनी खेडोपाडी फिरून कांथा जमवल्या, स्टेला क्रामरिश यांनी १९३९ मध्ये तिच्यावर लिहिले, आणि कांथा कलेच्या इतिहासात आली. आमची वाकळ कुठल्या ग्रंथात आली नाही, पण अलीकडे दुकानात आली आहे. पुण्या-मुंबईत 'हस्तकला' म्हणून नव्या कोऱ्या कापडाच्या गोधड्या मिळतात, आणि त्याच धावदोऱ्याच्या, जेवणाच्या टेबलावर मधोमध टाकायच्या लांब पट्ट्या, ज्यांना टेबल रनर म्हणतात, त्या खोक्यात घालून लग्नाला, गृहप्रवेशाला भेट दिल्या जातात. माझ्या एका सहकारी बाईंच्या घरी मी अशी पट्टी पाहिली. त्या कौतुकाने म्हणाल्या, "मॅडम, तुमच्याकडे हे कुणी करून देतं का? ओरिजिनल हवं आहे, जुन्या साड्यांचं." मला रागही आला आणि बरेही वाटले. राग येण्याचे कारण त्यांना सांगता आले नसते. त्या भल्या बाई आहेत, आणि शिवणाऱ्या बायांना चार पैसे मिळत असतील तर ती पट्टी त्यांच्या टेबलावर राहावी असेच मी म्हणेन. फक्त कोणाच्या बोटांना किती मिळाले हे त्या खोक्यावर छापलेले नव्हते.

मी त्यांना करून देऊ शकत नव्हते, कारण मला वाकळ शिवता येत नाही. लहानपणी मी सुई हातात घेतली की आई ती काढून घेई. "तू पुस्तक धर. सुई माझी मला असू दे." तिच्या बोटाला दाभण लागून नखाखाली रक्त साकळलेले असे. आमच्या पिढीतल्या शिकलेल्या मुलींपैकी बहुतेकींना वाकळ येत नाही, आणि ते आमच्या आयांनी ठरवून केले. कला लोपत चालली म्हणून हळहळणाऱ्यांना हे माहीत असायला हवे. मला हळहळ वाटते, आणि आईने केले ते बरोबरच केले असेही वाटते. या दोन्हींचा मेळ मला घालता आलेला नाही.

गेल्या उन्हाळ्यात भावाला मुलगी झाली. आई पेटीतून ती अर्धवट वाकळ काढून बसली. मी तिच्याजवळ वही घेऊन बसले आणि म्हणाले, "आई, यातलं कापड कुणाकुणाचं ते सांग. मी लिहून घेते." तिला हसू आले. मग सांगू लागली. वरचा पदर आजीचा, शेवटच्या लुगड्याचा. खालचा तिचा स्वतःचा. आतला खाकी थर वडिलांच्या एस.टी.तल्या वर्दीचा. मधे आत्याच्या परकराचा घेर, भावाच्या शाळेची निळी चड्डी, आणि चौदा एप्रिलच्या मिरवणुकीत भावाने घातलेला पांढरा सदरा. वाड्यावरचे काही नाही. मसणातले काही नाही. सगळे आमचेच, आमच्या अंगावर झिजलेले. मी नाव-नाव लिहीत गेले. "आन् गोट?" मी विचारले. आई गोट बोटाने चाचपत होती.

"ही तुझी साडी," ती म्हणाली. "कॉलेजात लागलीस त्या दिवशी नेसली व्हतीस ती. विचारलं न्हाई तुला."